चहा पिऊन आल्यावर आठवेल ते चित्र

सुमे, ये गं इकडे. अशी जवळ बस, पाय वर घेऊन. आणि आधी बोलणी खा माझी. कुणी जातं का असं, अर्ध्या भांडणातून उठून? छातीत जळजळतंय म्हणत होतीस तर नुसता ओवा कसला चावत बसलीस, डॉक्टरला दाखवायचं नाही का? एखादं चित्र घ्यायचं म्हटलं की त्याची पाठ बघशील, पोट बघशील, चारी कोपऱ्यांत टॉर्च मारशील. आणि स्वतःच्या बाबतीत म्हणे, ‘वयाप्रमाणे होतंच.’ हे काही बरं नाही केलंस.

झालं माझं रागावून. आता ऐक. तुझ्या मागे इथं जे झालं ते तुला सांगायचं आहे, आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही. हे तुझ्या कचेरीतली माणसंही वाचतील, म्हणून जरा नीट लिहिते. वाचणाऱ्यानं विचारलं, ही कोण बाई, तर मी कमळ. लोधिवलीची. खालापूरला तहसील कचेरीच्या समोर माझी खानावळ होती. तू कचेरीत सातबाऱ्याच्या कागदांवर शिक्के मारायचीस आणि दुपारी माझ्याकडे जेवायचीस. एवढीच आपली ओळख, पण ती पुरून उरली.

तू बदली होऊन आलीस तो दिवस मला आठवतो. जेवून हात धुतलेस आणि माझ्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिलीस. भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं, सोनेरी प्लॅस्टिकच्या चौकटीतलं. वायर लावली की पाणी हलल्यासारखं दिसायचं. मला त्याचा केवढा अभिमान.

‘हे कुणी निवडलं?’ तू विचारलंस.

‘निवडतंय कोण? कुकरवर फुकट मिळालं.’

‘मग कुकर तरी चांगला आहे ना?’ म्हणालीस आणि छत्री उघडून चालती झालीस.

मला एवढा राग आला की दुसऱ्या दिवशी तुला मुद्दाम भात कमी वाढला. तू मुकाट्यानं जेवलीस आणि परत भिंतीपुढे उभी. ‘कमळाबाई, या धबधब्याला पाणी येतं कुठून?’ मी बघितलं. खरंच गं, वर डोंगरच नव्हता. आभाळातनं कुणी नळ सोडावा तसं पाणी पडत होतं. इतकी वर्षं त्या चित्राखाली मी पोळ्या लाटल्या, आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मला ते बघवेना. आठवड्याभरात काढून टाकलं. तू माझं एक चित्र मोडलंस, सुमे, आणि मग जन्मभर त्याची भरपाई करत राहिलीस.

लोकांना वाटायचं तू चित्रकलेची बाई असशील. तसलं काही नव्हतं. तुला साधा आंबा काढता येत नव्हता, मी बघितलाय तुझा आंबा, तो बटाट्यासारखा होता. पण बघायला तुला यायचं. कुठे शिकलीस असं विचारलं तर म्हणायचीस, ‘बघून बघून.’ पगार झाला, घरचं सगळं भागलं, आणि काही उरलं तर तू चित्र बघायला निघायचीस. उरलं नाही तरी निघायचीस. बघायला पैसे पडत नाहीत, हे तुझं नेहमीचं. आणि सोबतीला मी. आमच्या घरी हे म्हणायचे, ‘बाजारला जाताना कंटाळा करते, नि चितरं बघायला कशी पदर खोचून निघते बघा.’

तुझी चित्र घ्यायची वेळही जगावेगळी. लोक दिवाळीला घेतात, नव्या घराला घेतात. तू भर श्रावणात घ्यायचीस. म्हणायचीस, ‘आपल्याकडच्या पावसात कुणाचं सोंग टिकत नाही. हलका कागद फुगतो, कॅनव्हास सैल पडून पोट काढतो, चौकटीत ओल राहिली असेल तर काचेच्या आत बुरशी धरते. उन्हाळ्यात सगळीच चित्रं देखणी असतात. श्रावणात जे ताठ उभं आहे ते घरात टिकेल.’ मला हे फार पटलं होतं. घर बघायला जाणारा माणूसही आपल्याकडे पावसातच जातो, गळतं कुठे ते कळायला.

ते कर्जतच्या पलीकडच्या फार्महाऊसवरचं चित्रांचं प्रदर्शन आठवतं? सगळीकडे चिखल, आणि आत पांढऱ्या भिंती, पिवळे दिवे आणि कुर्ता घातलेला तो गोड बोलणारा मुलगा. तू हात पाठीमागे बांधून सगळ्या खोलीतून एक चक्कर मारलीस, कुठेही न थांबता. मी विचारलं, ‘थांबत का नाहीस?’ तर कानात म्हणालीस, ‘कोण हाक मारतंय ते ऐकतेय.’ किमतीची चिठ्ठी बघायला मी वाकले तर मला मागे ओढलंस. किंमत शेवटी. आधी बघितली की मग डोळे तिच्यातच अडकतात, महाग असेल तर भारी वाटतं आणि स्वस्त असेल तर किरकोळ वाटतं. सहीसुद्धा अंगठ्याखाली झाकायचीस तू. नाव मोठं असलं म्हणून काय, हात त्या दिवशी चालला होता का, ते बघायचं.

मग एका मोठ्या चित्रापुढे थांबलीस. करडं करडं काहीतरी होतं, मला काही समजलं नाही. तो मुलगा लगबगीनं आला. ‘यात काळाचं मौन आहे, मॅडम.’

‘असू दे,’ तू म्हणालीस. ‘पण या खालच्या कोपऱ्यात काय झालंय? मौन तिथवर पोचलं नाही वाटतं.’

तो वाकून बघायला लागला. खरोखर त्या कोपऱ्यात रंग नुसता फासून दिला होता, कंटाळा आल्यासारखा. कोपऱ्यांचं तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, हे तर मला ठाऊक आहे. घर सारवताना मधे सगळ्यांचाच हात चांगला चालतो, कोपऱ्यात कळतं कुणाच्या मनात आहे नि कोण उरकतंय. तू माझ्याकडे बघत राहिलीस. ‘मग तुला अर्धं येतंय की गं,’ म्हणालीस. तुझ्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं. मी लोधिवलीपर्यंत त्या कौतुकावरच तरंगत गेले.

‘जरा पाठ दाखवता?’ तू त्या मुलाला म्हणालीस. तो दचकला. पाठ म्हणजे चित्राची, हे कळायला त्याला वेळ लागला. तू मागचं लाकूड बघितलंस, कापड कसं ताणलंय ते बघितलंस, ओलीचा डाग आहे का ते बघितलंस. मग मोबाईलचा टॉर्च बाजूनं लावलास. रंगाचे उंचवटे सावली टाकतात की सगळं सपाट छापलेलं आहे, ते त्यात दिसतं. आणि एवढं सगळं करून म्हणालीस, ‘आम्ही चहा पिऊन येतो.’

त्याला वाटलं गेल्या ह्या. सगळ्यांना तसंच वाटायचं. पण तुझी खरी परीक्षा तिथून पुढे असायची. चहा प्यायल्याशिवाय तू आयुष्यात एक चित्र विकत घेतलं नाहीस. नाक्यावरच्या टपरीत, पत्र्यावर पाऊस वाजतोय, आणि तू म्हणालीस, ‘हं, सांग. काय आठवतंय?’

‘ती मोरपंखी साडीवाली बाई.’

‘साडी आठवली. तोंड?’

‘तोंड नाय आठवत.’

‘मग साडी दुकानात मिळते. आणखी?’

मी डोळे मिटले. ‘एक म्हैस होती बघ. दाराजवळ, लहानशी. पाण्यात बसलेली, नुसतं नाक वर.’

‘कुठे बघत होती?’

‘कुठंच नाय. सुखात होती.’

तू इतकी हसलीस की बशीतला चहा सांडला. मग हळूच म्हणालीस, ‘मलाही तीच आठवतेय.’ आपण परत गेलो आणि म्हैस घेतली. तो मुलगा बिचारा अजून काळाच्या मौनापाशी उभा होता. रात्री घरी सांगितलं तर हे म्हणाले, ‘म्हस इकत घ्यायचीच होती तर दूध देणारी तरी बघायची.’

तू कधी चुकलीच नाहीस असं मी इथं लिहिलं तर तूच उठून मला टोकशील. पनवेलच्या एका दुकानातून तू नदीघाटाचं तैलचित्र आणलं होतंस, हातानं काढलेलं म्हणून. घाईत होतीस, चहा प्यायलीस पण एकटीनंच. पावसाळा आला, एक कोपरा सुटला आणि चष्मा लावून बघितलंस तर छापाचे बारीक ठिपके. वरून नुसता पारदर्शक डिंकासारखा थर फासला होता, ब्रशचे फटकारे दिसावेत म्हणून. दुसरी असती तर माळ्यावर टाकून गप्प बसली असती. तू ते बैठकीच्या खोलीत, अगदी समोर, उलटं टांगलंस. चित्र भिंतीकडे, पाठ लोकांकडे. पाहुणे सांगायचे, ‘अहो, हे उलटं लागलंय.’ तू म्हणायचीस, ‘मुद्दाम लावलंय. ती माझी अक्कल आहे, रोज बघते.’ हा असला मोकळेपणा मी माणसांत फार कमी बघितला. आपली फसगत कुणी अशी हार घालून ठेवतं का?

आता आपल्या भांडणाकडे येते.

राबाचं चित्र. राब म्हणजे काय ते लोधिवलीच्या पोराला सांगावं लागत नाही, पण शेलूच्या नव्या इमारतींतल्या माणसांना सांगते. भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि भाजायचं. तुझं ते चित्र दाराएवढं मोठं. काळोखी जमीन, त्यावर उंच केशरी ज्वाळा, आणि बाजूला डोक्यावर पाट्या घेतलेल्या दोन बायका. तू ते आणलंस, मला बोलावलंस, आणि मी दारातूनच म्हटलं, ‘हे खोटं हाय.’

‘काय खोटं आहे?’

‘राब असा भडकत नाय. धुमसतो. वर माती असते, धूर जमिनीवरनं सरपटत जातो. नि पेटवतात पण वाऱ्याच्या उलट अंगानं, हळूहळू जावा म्हणून. ही तर होळी झाली.’

‘ते चित्र आहे, कमळे. कृषी खात्याचं पत्रक नाही.’

‘म्हणजे कायपण काढावं?’

‘कायपण नाही. त्याला जे दिसलं ते काढावं. त्याला जमिनीतली आग वर दिसली.’

‘त्याला चष्मा लागलाय मग.’

वर्षानुवर्षं चाललं हे. तुझ्या घरी आले की चप्पल काढता काढता आपली सुरुवात. मी म्हणायची, मला आवडत नाही म्हणजे चांगलं नाही. तू म्हणायचीस, तुला जिलबी आवडते म्हणून रोज खाशील का? मी म्हणायची, खाईन की. तू कपाळाला हात लावायचीस. पण एक गोष्ट तू कधी केली नाहीस. ‘तुला काय कळतंय, तू खानावळवाली’ असं तुझ्या डोळ्यांतसुद्धा कधी आलं नाही. माझ्याशी तू बरोबरीनं भांडलीस. चिडून, हातवारे करून, तुझ्या साहेबाशी भांडायचीस तशी. माझ्याशी असं आधी कुणी भांडलं नव्हतं गं. माझं बोलणं लोक एकतर ऐकायचे नाहीत, नाहीतर हसून सोडून द्यायचे. आपल्या मताला कुणी उत्तर देतंय, म्हणजे आपल्याला मत आहे, हे मला तुझ्यामुळे कळलं.

आणि शेवटच्या फोनवर काय म्हणालीस? ‘आज दुपारभर राबाकडे बघत बसले होते. तू म्हणतेस त्यात थोडं आहे. पण थोडंच हं. सोमवारी ये, बोलू.’ मी इकडे विजय झाल्यासारखी नाचले. सोमवारी फोन आला तो तुझ्या लेकाचा, अजितचा.

तुझा तेरावा झाला. माणसं पांगली. आणि अजितनं मला फोन केला. ‘मावशी, घरमालकाला महिनाअखेर घर परत हवंय. माझ्या शेलूच्या फ्लॅटला भिंतीच नाहीत, नुसत्या खिडक्या नि कपाटं. तू ये आणि आईच्या चित्रांतली चांगली चांगली बाजूला काढ. बाकीची फ्रेमवाला नेणारे.’

‘फ्रेमवाला चित्रं घेऊन काय करणार?’

‘चित्रं नाही गं, चौकटी. चित्रं काढून टाकेल.’

चांगली चांगली बाजूला काढ म्हणे. मी? सुमे, आजपर्यंत म्हैस आठवायचं काम माझं होतं, घ्यायचं तुझं. मी चुकले तर तू शेजारी असायचीस. आता मी चुकले तर तुझ्या जन्मभराच्या बघण्याचा चोळामोळा होऊन टेंपोत जाणार. अजितचा दोष नाही. पोरगा गोंधळलेला आहे, त्याची आई गेलीय आणि त्याला घर रिकामं करायचं आहे.

मी गेले. तुझी सगळी चित्रं भिंतीवरून उतरवून खाली टेकवून ठेवली होती, तोंडं भिंतीकडे. भिंतींवर नुसते फिकट चौकोन राहिलेले. फ्रेमवाला बाजूला टेप घेऊन उकिडवा बसला होता, माणूस चांगला होता. ‘आजी, जरा लवकर करा, टेंपो खाली हाय.’

एकेक चित्र सरळ केलं. कोपरे बघितले, पाठ बघितली, तू करायचीस तसा टॉर्च लावला. काही उपयोग होईना. सगळंच चांगलं दिसायला लागलं. प्रत्येक चित्रात तूच. हे कुठे घेतलं, ते घेताना तू काय बोललीस, त्या दिवशी आपण काय खाल्लं. गेलेल्या माणसाच्या घरातली वाटीसुद्धा सुंदर वाटते गं, चित्रांचं काय सांगू. अजित म्हणाला, ‘सगळीच ठेवायची का मग?’ आणि मला कळलं, असं डोळ्यांत पाणी घेऊन न्याय होणार नाही. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, ही चित्रं बघतेय की रडतेय?

मी टॉर्च बंद केला. म्हटलं, ‘चला, चहा पिऊन येऊ.’

‘आत्ता?’ अजित म्हणाला.

‘आत्ता. आणि भाऊ, तुम्हीपण चला.’

तिघं खाली टपरीवर गेलो. चहा हातात आल्यावर मी अजितला विचारलं, ‘सांग. काय आठवतंय?’ त्यानं लहानपणी तुझ्या तोंडून हे ऐकलेलं असणार, पण खेळ म्हणून. त्यानं एक घोट घेतला. मग म्हणाला, ‘आग. मी तिच्याखाली बसून अभ्यास करायचो. भीती वाटायची, वही पेटेल म्हणून. आई सांगायची, घाबरू नको, ती आपल्याकडे येत नाहीये. राब वाऱ्याच्या उलटा पेटवतात, हळूहळू जातो.’

सुमे, हे मी तुला सांगितलेलं. दारात उभी राहून, चित्राला खोटं म्हणताना. माझ्यापुढे मान्य केलं नाहीस आणि लेकराची भीती घालवायला तेच वापरलंस. मला त्या टपरीवर इतकं भरून आलं की अजितला वाटलं चहा गरम लागला.

‘मग ते तुझं,’ मी म्हटलं. ‘एक कपाट कमी कर.’

‘पण मावशी, मला वाटलं राब तू नेशील. आईचं सगळ्यात आवडतं होतं ते. तुझ्याकडे असावं असं तिला...’

‘तुझ्या आईचं आवडतं म्हणून मी नेलं तर ती वरून चप्पल फेकून मारेल. तिनं मला सांगून ठेवलंय, भिंत तुझी, डोळे तुझे, माझ्या तोंडाकडे बघून चित्र घ्यायचं नाही.’

फ्रेमवाला ऐकत होता. म्हणाला, ‘मी सांगू का? मला ते उलटं टांगलेलं आठवतं. मागल्या वेळी एक चौकट बसवायला आलो होतो तवा बाईंनी समजावलं होतं. लय हसलो होतो.’ अजित हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला असावा.

आणि मग राबाचं माझं मला कळलं. मला त्या ज्वाळा आठवत होत्या. चांगल्या लख्ख आठवत होत्या, उंची, रंग, खालचा काळेपणा, सगळं. इतकी वर्षं त्यांनाच खोटं म्हणत होते मी. पण त्या दोन बायका मला आठवेनात. पाट्या कशा धरल्यात, तोंडं कुठल्या बाजूला, काही नाही. वर जाऊन बघितलं तर त्यांचे पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत. डोक्यावर पाट्या आहेत पण मानेला वजन नाही. आगीशेजारी जागा रिकामी दिसू नये म्हणून उभ्या केलेल्या. आगीपाशी चित्र काढणारा जीव लावून थांबला आणि माणसांपाशी आला तेव्हा उरकलं. तर ऐक, आगीचं तुझं बरोबर होतं. मी माघार घेते. पण चित्र मला अजूनही पुरतं चांगलं वाटत नाही, आणि आता माझ्याकडे धुराहून बरं कारण आहे. तू म्हणालीस ना, ‘थोडं आहे’, ते हेच थोडं होतं का? त्या दुपारी तू बायकांकडे बघत होतीस का? हे आता मला कोण सांगणार.

मी अजितला म्हटलं, ‘रविवारपर्यंत काही देऊ नको. आईच्या कचेरीतल्या माणसांना बोलाव, माझ्या खानावळीतले जुने जेवणारे मी बोलावते. येतील, बघतील, खाली जाऊन चहा पितील. ज्याला जे आठवेल ते त्यानं न्यावं.’

‘मग मी काय न्यावं?’ फ्रेमवाला म्हणाला.

‘तुम्हाला तुमचं मिळालंय. उलटं न्या. आणि रविवारी उरेल ते न्या.’

रविवारी माणसं आली, सुमे. तुला आवडलं असतं. सरकारी माणसं ती, आधी वाटलं काहीतरी फॉर्म भरायचाय. तुमचा शिपाई, रिटायर झालेला, तो चहाचा घोट घेऊन लगेच म्हणाला, ‘म्हस. दुसरं काय इचारू नका.’ काखेत मारून घेऊन गेला. तुमच्या त्या लठ्ठ भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले, सोनेरी चौकट होती ती. मी विचारलं, चौकटीत काय होतं? त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, ‘तुम्ही आणखी एक चहा प्या.’ ते बिचारे परत वर गेले आणि या वेळी बराच वेळ आलेच नाहीत. बघायला गेले तर एका छोट्या चित्रापुढे उभे, हात पाठीमागे बांधून, तुझ्यासारखे. देवळाच्या पायरीवर बसून जोडव्यात अडकलेला दोरा काढणारी म्हातारी. ‘मला हिच्या पाठीचा बाक आठवतोय,’ म्हणाले. दिलं त्यांना.

काही चित्रं उरली. ती कुणालाच आठवली नाहीत, मलासुद्धा नाहीत. मला वाईट वाटलं, दोनतीनदा मनात आलं की खोटंच सांगावं, ही आठवली म्हणून. पण तुझ्या घरात उभं राहून ते जमेना. ती फ्रेमवाला घेऊन गेला. चांगल्या माणसाच्या घरात होती म्हणून चित्र चांगलं होत नाही, हे तूच म्हणाली असतीस, आणि मान फिरवून डोळे पुसले असतेस.

आता माझं. त्या पहिल्या चहाला अजितनं विचारलं होतं, ‘आणि मावशी, तुला?’ मला वाटलं मी म्हैस म्हणेन. तोंडापर्यंत आलीही होती. पण डोळे मिटल्यावर दुसरंच आलं. तुझ्या मोरीकडे जायच्या बोळात एक वीतभर चित्र होतं, जलरंगाचं. मी येता-जाता त्याच्यासमोरून कितीदा गेले असेन, कधी थांबले नाही. पेंढा रचून केलेली उडवी, तिच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीला दोऱ्या आणि दोऱ्यांना बांधलेले दगड. बस, एवढंच. ना आभाळ ना सूर्यास्त. पण त्या दोऱ्या ताणलेल्या आहेत. दगडांना वजन आहे, ताडपत्रीखाली वारा शिरायला बघतोय आणि दगड त्याला शिरू देत नाहीत. कोपऱ्यातलं गवतसुद्धा एकेक काडी नीट. आणि इतका पाऊस खाऊन कागद कुठे फुगलेला नाही.

मी ते घेतलं. घरी आणून स्वयंपाकघरासमोरच्या भिंतीवर लावलं. ह्यांनी चष्मा लावून बघितलं. ‘आपल्या उडवीवरची ताडपत्री कमी पडली व्हय, आता भिंतीवर पण?’ म्हणाले. मग गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘गाठ बरोबर मारलीय.’ आमच्या घरात हे फार मोठं बोलणं झालं.

पण सुमे, याच्याबद्दल तू मला कधीच काही बोलली नव्हतीस. प्रत्येक चित्राची तुझी एक कथा होती, याची नाही. मी पाठ बघितली, कोरी आहे. कुणी काढलं, कुठून आणलंस, काही नाही. ते बोळात का लावलं होतंस? कमी प्रतीचं वाटलं म्हणून बैठकीतून हलवलंस, की रोज जाता-येता एकटीला दिसावं म्हणून? हे चांगलं आहे असं तुला वाटायचं की नाही, ते मला ठाऊक नाही. तुला न विचारता घेतलेलं हे माझं पहिलं चित्र. सकाळी भाकऱ्या थापताना बघते तेव्हा वाटतं, लाखात एक आहे. दुपारी ट्यूबलाइटखाली बघते तेव्हा वाटतं, चुकले तर नाही? आणि संध्याकाळी पुन्हा थांबते त्याच्यापाशी.

तर एकदा येऊन जा. चौकला उतर, तिथून लोधिवलीला टमटम मिळते, नाहीतर मी ह्यांना गाडी घेऊन पाठवते. चांगलं म्हणालीस तरी चालेल, वाईट म्हणालीस तरी चालेल, मी भांडायच्या तयारीत आहे. त्याच्यापुढे हवा तेवढा वेळ उभी राहा, मी मधे बोलणार नाही. फार दिवस लावू नको, बाई. लवकर ये.